उजव्या मेंदूचा झटका: डाव्या हातात ताकद आलीय, पण अण्णा तो हात वापरतच नाहीत

कृष्णाकाठ | १९ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज घरातले सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय, थोडं विस्कळीत होईल.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६९. ८ फेब्रुवारीला पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. चहा घ्यायला म्हणून पलंगावर उठून बसले आणि डावीकडे कलंडले ते कलंडलेच. तोंड वाकडं, बोलणं जड, डावा हात आणि पाय लुळा. आमचं गाव तासगावच्या बाजूला. आधी गावातल्या डॉक्टरांकडे, मग तालुक्याला, मग सांगलीला, असं करत सहा तास गेले. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. एमआरआयमध्ये उजव्या मेंदूचा बराच भाग गेलेला दिसला. अकरा दिवसांनी घरी आणलं.

आज बरोबर दहा आठवडे झाले. बोलणं जवळजवळ पूर्ववत आहे. माणसं ओळखतात, जुने हिशेब तोंडपाठ सांगतात, उसाचं बिल किती आलं ते विचारतात. चौपायी काठी धरून, कुणीतरी सोबत असलं की अंगणापर्यंत चालतात. त्यामुळे येणारा जाणारा म्हणतो, "चांगलेच सुधारले की!"

खरा प्रश्न डाव्या हाताचा आहे. फिजिओ म्हणतात ताकद येतेय. झोपलेले असताना "डावा हात वर करा" म्हटलं की वर करतात, छातीच्या वर नेतात. बोटं थोडी उघडतात. पण एकदा व्यायाम संपला की तो हात जणू घरातच नाही. सदऱ्याची उजवी बाही घालतात आणि डावी तशीच लोंबत ठेवून बाहेर येऊन बसतात. एका पायात चप्पल. परवा चाकाच्या खुर्चीच्या चाकात डावी बोटं अडकली, सोलून निघाली, तरी खुर्ची पुढे ढकलायचीच चालू होती. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज आपटतो.

आई म्हणते, "मुद्दाम करतात, आयतं मिळतंय ना सगळं." भाऊ म्हणतो हट्टीपणा आहे, पहिल्यापासूनचाच. मीही गेल्या रविवारी ओरडले. म्हटलं, अण्णा, एवढं सांगतेय तर उचला की तो हात! त्यांनी माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "उचलला की."

हात मांडीवरच होता.

तेव्हापासून मला झोप नाही. हे काय आहे? कुणाच्या घरात असं झालंय का?

---

निवांत | २० एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, धीर धरा. माझ्या आजोबांना लकवा झाला होता तेव्हा तिळाच्या तेलाने रोज खांद्यापासून जोरात मालिश करायचे. गावात एक जण कबुतराचं रक्त चोळायचा, लांबून लोक यायचे त्याच्याकडे. आजोबा दोन वर्षांनी चालायला लागले होते. तुमच्याकडे असं कुणी असेल तर बघा, मनापासून सांगतोय.

---

हालचाल | २० एप्रिल, दुपारी २:०५

कृष्णाकाठ, सगळ्यात आधी आईंना आणि भावाला हे वाचून दाखवा: अण्णा मुद्दाम करत नाहीत. मी नाशिकला फिजिओ आहे, अठरा वर्षं असेच रुग्ण बघतेय. "उचलला की" हे वाक्य मी कितीतरी पलंगांशेजारी उभं राहून ऐकलंय. बोलणारा खोटं बोलत नसतो.

मेंदूकडून हातापायांकडे जाणारे बहुतेक तंतू मानेच्या वरच, लंबमज्जेत, बाजू बदलतात. म्हणून झटका उजवीकडे आणि लुळेपणा डावीकडे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण उजव्या मेंदूकडे आणखी एक काम असतं, ते म्हणजे आजूबाजूच्या जागेवर आणि स्वतःच्या अंगावर लक्ष ठेवायचं. डावा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो, उजवा मात्र दोन्ही बाजूंवर. डाव्या मेंदूला झटका आला तर उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजव्यालाच आला तर डाव्या बाजूला कुणी वाली उरत नाही. डोळ्यांना दिसतं, कातडीला कळतं, पण दखल घेतली जात नाही. आम्ही याला डाव्या बाजूचं दुर्लक्ष म्हणतो. शब्द वाईट आहे, कारण घरच्यांना वाटतं माणूस दुर्लक्ष *करतोय*. ते त्याच्या हातात नाही.

अण्णांच्या बाबतीत तीन गोष्टी एकात एक गुंतलेल्या दिसतात. पहिली, खरा अशक्तपणा, आणि तो सुधारतोय. दुसरी, हालचालीतलं दुर्लक्ष: ताकद आहे, सांगितलं की हात हलतो, पण आपणहून कामाला लागत नाही. तिसरी, आपल्याला काही झालंय याचीच जाणीव नसणं. याला १९१४ मध्ये बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी ॲनोसोग्नोसिया हे नाव दिलं. ज्यांना लुळेपणा आहे पण तो आहे हेच कळत नाही, असे डावी बाजू गेलेले रुग्ण त्यांनी मांडले होते. तुमच्या वडिलांचं उत्तर त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय म्हणा ना.

आणखी एक बघा. अण्णांना डोळे मिटून वीस सेकंद तसेच ठेवायला सांगा. किंवा जीभ बाहेर काढून धरायला सांगा. दोन-चार सेकंदांत डोळे उघडले, जीभ आत गेली, तर हालचाल सुरू होते पण टिकत नाही असा तो प्रकार आहे. हाही उजव्या मेंदूच्या झटक्यात जास्त दिसतो. "दोनदा करतात आणि सोडून देतात, आळशीपणा नुसता" असं घरचे म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

घरी तपासून बघायला: कागदावर एक लांब आडवी रेघ ओढा आणि बरोबर मध्यावर खूण करायला सांगा. खूण उजवीकडे सरकली तर समजून घ्या. मोठ्या अक्षरातला मथळा वाचायला द्या. माझे एक रुग्ण "महाराष्ट्र" हा शब्द "राष्ट्र" असा वाचायचे आणि वर "बरोबर वाचलं ना?" विचारायचे. दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी नजर गेली असेल तर ती वेगळी गोष्ट. तो माणूस मान वळवून भरून काढायला शिकतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेचं क्षेत्र एकदा तपासून घ्या.

निवांतदादा, तुमची कळकळ समजते. पण खांद्यावर जोरात मालिश मुळीच नको. झटक्यानंतर खांद्याचा सांधा सैल होतो, हाड खोबणीतून खाली सरकतं, आणि ओढाताण झाली की जे दुखणं लागतं ते महिनोन् महिने जात नाही. काखेत हात घालून उठवणं, हात धरून ओढणं, छताच्या कप्पीला दोरी बांधून हात वर ओढणं, हे सगळं बंद. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, तेवढंच त्या हाताकडे लक्ष जातं. कबुतराच्या रक्ताने मेंदूतलं काही भरून येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. ते दिवस अशा फेऱ्यांत गेलेले मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

रात्री पुढचं लिहिते, पेशंट आलेत.

---

डावखुरा | २० एप्रिल, संध्याकाळी ६:३०

हालचाल ताईंनी बाहेरून सांगितलं. मी आतून सांगतो.

मी मडगावचा. चार वर्षांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, उजव्या मेंदूचा झटका. आणि मी डावरा. जेवण, लिहिणं, दाढी, नारळ फोडणं, सगळं डाव्या हाताने. म्हणजे माझा कामाचाच हात गेला. तरी पहिले कित्येक दिवस मला तो गेल्याचं दुःख नव्हतं. आज हे लिहिताना विचित्र वाटतं, पण नव्हतं.

अंधार असतो तेव्हा निदान अंधार आहे हे तरी कळतं. इथे तसं काही नव्हतं. डोक्याच्या मागे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण म्हणून तिथे भोक पडलंय असं वाटतं का? तसंच. डावीकडे काही नव्हतं, आणि काही नाही हेही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यातली एक रात्र. जाग आली तर माझ्या पोटावर कुणाचा तरी हात. थंड, जड. मला वाटलं शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्या खाटेवर येऊन झोपलाय. मी उजव्या हाताने तो हात उचलून बाजूला टाकला आणि त्याच्याबरोबर मीच ओढला गेलो. नर्सला हाक मारली. तिने दिवा लावला, हाताच्या बोटातली माझी अंगठी दाखवली. मी म्हटलं, अंगठी माझी आहे, त्याने घातलीय.

बायको रडली. मला कळेना ती का रडतेय.

कृष्णाकाठ, तुमचे अण्णा "उचलला की" म्हणाले तेव्हा त्यांना खरंच उचलल्यासारखं वाटलं असणार. मला वाटायचं. हात उचलायचा विचार आला की आतून निरोप मिळायचा, झालं काम. बघून खात्री करावी असंही सुचायचं नाही. तुम्हीही हात उचलल्यावर तो उचललाय का हे सहसा बघायला जात नाही ना? ओरडलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण पुढच्या वेळी ओरडण्याऐवजी त्यांच्या डाव्या तळहातावर तुमचा हात ठेवा आणि मग सांगा.

---

हालचाल | २० एप्रिल, रात्री १०:२०

डावखुरा, हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

आता घरी काय करायचं ते.

माणसाला डावीकडे आणायचं तर तो जिथे आहे तिथून हात धरून आणावं लागतं. एकदम डाव्या बाजूला जाऊन बोलत बसलात तर ते उत्तर देतील पण उजवीकडे बघतच. समोर उभे राहा, नजर मिळवा, मग बोलत बोलत हळूहळू त्यांच्या डावीकडे सरका. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल जाड पट्टी चिकटवा आणि प्रत्येक ओळीला "लाल दिसली का?" विचारा. दिसली की मग वाचायचं. पलंग असा लावा की दार, माणसं, गप्पा त्यांच्या डावीकडे येतील. मात्र हाक मारायची घंटी, पाणी आणि रात्रीचं भांडं उजवीकडेच, कारण ते वेळेला सापडलंच पाहिजे.

कपडे घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. काठी उजव्या हातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डावा हात त्यांनी स्वतः, डाव्या बाजूला, थोडासा जरी हलवला तरी डावीकडचं लक्ष वाढतं. दुसऱ्याने धरून हलवला तर सांधे मोकळे राहतात, पण लक्षावर तेवढा परिणाम होत नाही. त्यामुळे बोटभर का होईना, हालचाल त्यांची हवी. टेबलावर रुमाल सरकवणं, दिव्याचं बटण दाबणं, असं काहीतरी ज्याचा परिणाम लगेच कळेल.

अण्णा बसल्यावर डावीकडे कलतात का, आणि सरळ करायला गेलं की चांगल्या हाताने उलट जोर लावतात का? तसं असेल तर लिहा. त्यांना सरळ बसणं हेच तिरकं वाटत असतं, पडू अशी भीती वाटते. अशा वेळी ढकलाढकली न करता समोरची दाराची चौकट दाखवायची आणि म्हणायचं, "ती उभी रेघ बघा, तिच्याशी जुळवून घ्या." डोळे खरं सांगतात, अंग चुकीचं सांगतं.

---

कृष्णाकाठ | २६ एप्रिल, रात्री ९:१०

काय लिहू. दोघांचंही लिखाण आईला मोठ्याने वाचून दाखवलं. डावखुरांच्या अंगठीच्या गोष्टीला ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिचं "मुद्दाम करतात" बंद झालं.

रेघेची परीक्षा घेतली. एका वितीच्या रेघेवर अण्णांनी खूण केली ती उजव्या टोकापासून चार बोटांवर. डोळे मिटून ठेवायला सांगितले, पाच सेकंदांत उघडले, तीनदा केलं तरी तेच. कलणं सुरुवातीला होतं, आता नाही.

पण मला सांगायचंय ते ताटाचं. आमच्याकडे ताट वाढायची रीत अजून पाळतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. अण्णांचा जीव शेंगदाण्याच्या चटणीवर. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी चटणीला बोटही लावलं नव्हतं. आईची समजूत अशी की तोंडाची चव गेली. लसूण कमी करून बघितला, तिखट बदलून बघितलं, एकदा जवसाची केली. रोज ती चटणी जशीच्या तशी परत यायची आणि ती गप्प बसून ताट उचलायची.

मंगळवारी जेवण अर्धं झाल्यावर मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. अण्णा थांबले. चटणीकडे बघून आईला म्हणाले, "अगं, आज चटणी केलीस होय? किती दिवसांनी!"

आईने दोन महिने रोज केली होती.

आता ताट फिरवत नाही. हालचाल ताईंनी सांगितलं तसं ताटाच्या डाव्या कडेला लाल काचेची बांगडी ठेवते आणि "बांगडी कुठाय?" विचारते. तीनदा विचारलं की एकदा सापडते.

---

दोनघास | २७ एप्रिल, सकाळी ८:५०

वाचून अंगावर काटा आला. माझ्या मावशीचीही डावी बाजू आहे. तिला कुणीतरी रबरी चेंडू दिलाय, दिवसभर दाबत असते. मूठ मात्र आता उघडतच नाही, नखं तळव्यात रुततात.

---

हालचाल | २७ एप्रिल, दुपारी १:३०

दोनघास, चेंडू काढून घ्या. झटक्यानंतर मूठ वळणारे स्नायू आपणहूनच ताठ व्हायला लागतात. त्या हाताला मूठ उघडायला शिकवायचं असतं. तळवा टेबलावर सपाट टेकवून त्यावर हळूहळू भार देणं, मनगट ताणून ठेवणं, रात्री बोटं सरळ ठेवणारी पट्टी. नखं रुतत असतील तर ताठरपणा बराच आहे, मेंदूविकार तज्ज्ञांना किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांना दाखवा. बोटॉक्सचं इंजेक्शन नेमक्या स्नायूंत देतात, साधारण तीन महिने परिणाम राहतो. पण त्या तीन महिन्यांत व्यायाम केला तरच त्याचा उपयोग.

---

सातासमुद्रा | २८ एप्रिल, पहाटे ४:००

मेलबर्नहून लिहितेय, इथे एका रुग्णालयाच्या स्ट्रोक वॉर्डात परिचारिका आहे. मूळची साताऱ्याची.

आपल्याला काही झालंच नाही असं वाटणं हे शिक्षणावर, हुशारीवर अवलंबून नसतं, हे तुमच्या भावाला सांगा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना १९७४ च्या ३१ डिसेंबरला उजव्या मेंदूचा झटका आला. डावी बाजू गेली. ते चाकाच्या खुर्चीतून परत आले आणि पत्रकारांना म्हणाले की लुळेपणा ही अफवा आहे. मी फुटबॉलला लाथा मारतोय म्हणाले. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये अखेर त्यांना पद सोडावं लागलं. न्याय देण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला स्वतःचा पाय समोर दिसून कळला नाही.

चांगला हात बांधून ठेवायच्या उपचाराबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. उजव्या हातात जाड मोजा घालून दिवसभर डाव्यानेच कामं करायला लावायची, दोन आठवडे, रोज कित्येक तासांच्या सरावासह. २००६ मध्ये याचा अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, २२२ रुग्णांचा, झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेल्यांचा, आणि फायदा दिसला. पण त्यात मनगट आणि बोटं आपणहून थोडी तरी उघडणाऱ्यांनाच घेतलं होतं. हात पूर्ण लुळा असताना चांगला हात बांधला तर माणूस नुसता हतबल होतो, आणि काठीचा हात बांधला तर पडतो. घरच्या घरी करू नका.

दुसरं, "लवकर उठवा, जास्त उठवा" हे सरसकट खरं नाही. आमच्याच शहरातून चालवलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, पाच देशांतले २१०४ रुग्ण. पहिल्या २४ तासांत फार लवकर आणि फार जास्त वेळा उठवलेल्यांचा निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडा वाईटच आला. आम्हा सगळ्यांना धक्का होता. तेव्हापासून पहिल्या दिवशी थोडं थोडं, बेतानं.

---

उंबरठा | २ मे, रात्री १२:१५

हे विचारायला लाज वाटतेय. माझ्या सासऱ्यांना हेच झालंय, सात महिने झाले. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मी करून घ्यायचं असं ठरलंय. माझी नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचे गुडघे. रोज होत नाही. नणंद फोनवर विचारते, "आज व्यायाम झाला का?" आणि हात सुधारला नाही याचा अर्थ मी कमी पडले असाच निघतो. खरंच माझ्यामुळे राहिलंय का?

---

हालचाल | २ मे, सकाळी ९:४०

उंबरठा, तुमच्यामुळे नाही राहिलं. हे नुसतं समजूत घालायला सांगत नाहीये.

आपल्याच देशात याचा अभ्यास झालाय. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, २०१७ मध्ये प्रसिद्ध. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना तेच उपचार आणि शिवाय घरच्या माणसाला रीतसर शिकवून घरी व्यायाम. मलाही वाटलं होतं दुसरा गट पुढे जाईल. सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता.

घरच्यांनी काही करू नये असा याचा अर्थ मी घेत नाही. खांदा सांभाळणं, पडू न देणं, गोळ्या वेळेवर देणं, ताट फिरवणं, यातलं काहीच कमी मोलाचं नाही. पण सुनेने रोज तास दिला असता तर हात चालला असता, हे कुणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नणंदेला हा आकडा सांगा. आणि जमलं तर त्यांना म्हणा, महिन्यातले चार दिवस येऊन राहा.

तुमच्या स्वतःच्या पाठीचं काय? उचलताना दुखते का?

---

उंबरठा | २ मे, रात्री ११:५०

दुखते. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

---

वहीवाट | ५ मे, दुपारी ४:००

एक कामाची गोष्ट. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेवा. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, आधार न्या. आणि अण्णांना "काही त्रास आहे का?" विचारलं तर ते "काही नाही" म्हणतील, म्हणून घरचं माणूस आत सोबत हवंच. माझ्या काकांच्या वेळी हेच झालं होतं, पुन्हा जावं लागलं.

---

कृष्णाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. साडेतीन महिने लिहिलं नाही, मळ्याची कामं आणि मुलीची शाळा. पण रोज तुमची आठवण निघते घरात. आई डावखुरांना "तो अंगठीवाला मुलगा" म्हणते.

अण्णा गावातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवत होते. मिरजेहून आणलेली जुनी पेटी आहे. झटका आल्यावर आईने ती चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली, त्यांना बघून वाईट वाटेल म्हणून. जुलैत एका गुरुवारी मंडळातली माणसं भेटायला आली, आणि निघताना त्यातले एक काका म्हणाले, "पेटी कुठाय? एकदा पुढ्यात ठेवून तर बघा."

ठेवली. अण्णांचा उजवा हात क्षणात पट्ट्यांवर गेला. बोटं बरोबर जागी. दाबताहेत, दाबताहेत, आवाज नाही. डावा हात मांडीवर. भात्याला हातच नाही तर सूर कुठला? मला वाटलं आता कळेल. अण्णांनी पेटी जराशी हलवली, कान लावला आणि काकांना म्हणाले, "भाता फाटलाय. उंदरांनी खाल्ला असणार."

सगळे गप्प. मी तोंड उघडणार तोच आई पुढे झाली. बोलली काहीच नाही. त्यांचा डावा हात उचलून भात्यावर ठेवला आणि तिथेच दाबून धरला जरा वेळ. मग स्वतःचा हात काढून घेतला.

भाता हलला. एकदा, दोनदा. सूर आला, कापरा, पण आला. चार-पाच वेळा भाता मारला आणि नेहमीप्रमाणे हात थांबला. सूर खाली बसत बसत बंद झाला. आणि मंडळी, अण्णांनी मान वळवून डावीकडे बघितलं. कुणी न सांगता. स्वतःच्या हाताकडे बघितलं, भुवया आवळल्या, आणि हात परत चालू झाला.

इतके महिने आम्ही "डावीकडे बघा" म्हणून घसा कोरडा केला. ते काम त्या बंद पडलेल्या सुराने केलं. हात थांबलाय हे त्यांना डोळ्यांनी कळत नव्हतं, कानांनी कळलं.

आता रोज संध्याकाळी पेटी निघते. सुरुवातीला दहा भाते झाले की हात सुटायचा. काल एक अख्खा अभंग आणि दुसऱ्याचं धृपद झालं. सगळं सुरळीत आहे असं नाही. डावी बाही अजून राहते, पायऱ्या उतरताना मी मागे लागतेच, आणि विचारलं तर "हाताला काय झालंय?" म्हणतात. गेल्या आठवड्यात हाताच्या पंजाला सूज होती, ती उशीवर हात वर ठेवल्यावर उतरली. पण ताटातली बांगडी आता पहिल्याच वेळी सापडते.

हालचाल ताई, पेटी जमिनीवर ठेवली की त्यांना वाकावं लागतं म्हणून खुर्चीत बसवून पेटी समोर टेबलावर, खाली पाट देऊन ठेवतो. भाता कोपराच्या पातळीला येतो. खांद्याला त्रास नाही ना होणार?

---

डावखुरा | १६ ऑगस्ट, रात्री ११:०५

तीनदा वाचलं. आईंना नमस्कार सांगा. अंगठीवाला.

---

हालचाल | १७ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पाट बरोबर आहे. कोपर अधांतरी लोंबू देऊ नका, खाली घट्ट उशी द्या. दंड शरीरापासून फार लांब जायला नको, पेटी थोडी डावीकडे सरकवून बघा. एकावेळी वीस मिनिटं पुरे, मग हात उशीवर. पंजा पुन्हा सुजला, लाल झाला किंवा बोटं हलवताना कळ आली तर थांबा आणि लगेच दाखवा.

आणि एक वही करा. तारीख घालून रोज किती भाते सलग झाले ते लिहा. आकडा अण्णांनाच मोजायला सांगा, मोठ्याने.